त्रांगडं म्हणजे काय, आणि ते कुठे वापरावं

चोपड्याहून एका ताईंनी विचारलंय. त्या कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहेत. सरावासाठी एका इंग्रजी निकालपत्राचा मराठी अनुवाद करताना त्यांना ‘इम्ब्रोलिओ’ हा शब्द आढळला. आधी त्यांनी ‘वाद’ लिहिलं, ते सरांनी खोडलं. मग ‘भानगड’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी ‘त्रांगडं’ लिहिलं, तेव्हा सर म्हणाले, शब्द बरोबर आहे पण इथे बसत नाही. मग त्रांगडं म्हणजे नेमकं काय, भानगड, कज्जा, तंटा, गुंता यांच्याहून ते वेगळं कसं, आणि कोर्टाच्या कागदात ते का चालत नाही, हा त्यांचा प्रश्न.

मी जळगावात 26 वर्षं कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करतोय. घरची बोली अहिराणी. आपल्या जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादचं, आणि तिथलं काम इंग्रजीत चालतं. खाली तालुक्याच्या कोर्टात मात्र दावे, जबाब, साक्षी सगळं मराठीत. त्यामुळे अपील झालं की अख्खा गठ्ठा इंग्रजीत न्यावा लागतो, आणि वरचा आदेश आला की तो पक्षकाराला कळेल अशा मराठीत परत आणावा लागतो. या दोन फेऱ्यांत सगळ्यात जास्त सांभाळावे लागतात ते भांडणाचे शब्द. जमिनीचे शब्द ठरलेले असतात. सातबाऱ्याला सातबाराच म्हणायचं. भांडणाच्या प्रत्येक शब्दात मात्र दोष कोणाचा, हे आधीच दडलेलं असतं. अनुवादकाने चुकीचा शब्द उचलला, तर न्यायाधीशांच्या आधी त्यानेच निकाल दिल्यासारखं होतं.

आधी इंग्रजी शब्दाचं बघू. तो मूळचा इटालियन. ‘गुंतवणं, गोंधळवून टाकणं’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. स्पेलिंगमध्ये ‘जी’ आहे पण उच्चारात तो येत नाही, म्हणून इम्ब्रोलिओ म्हणायचं, इम्ब्रोग्लिओ नाही. पाश्चात्त्य संगीतातही हा शब्द आहे. निरनिराळे आवाज आपापल्या वेगळ्या लयीत एकाच वेळी मुद्दाम चालवले जातात आणि ऐकणाऱ्याला गोंधळ माजल्यासारखा वाटतो, त्या जागेला इम्ब्रोलिओ म्हणतात. मला हा अर्थ फार उपयोगी पडला. तिथे कोणीही चुकीचं वाजवत नसतं. प्रत्येकाची लय आपल्या जागी बरोबर असते. सगळ्या एकत्र आल्या की मात्र ऐकणाऱ्याला धड एकही सापडत नाही.

नेमकं तेच त्रांगडं. चोपडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका प्रकरणावरून सांगतो. गावाचं नाव आणि गट नंबर सोडून देतो.

सहा एकर बागायत. वडील वारले तेव्हा सातबारा त्यांच्याच नावावर होता. तीन भावांनी तोंडी वाटणी करून दोन-दोन एकर घेतलं आणि कसायला लागले. बहीण जवळच्याच गावात दिलेली. बरीच वर्षं काही झालं नाही. आता बघा कोणाकडे काय गेलं. विहीर थोरल्याच्या, म्हणजे आबांच्या वाट्यात. त्या विहिरीवरून धाकट्याच्या शेतात जाणारी पाइपलाइन मधल्याच्या, नानांच्या केळीखालून. गाडीरस्ता धाकट्या बापूंच्या वाट्यातून, कारण सडकेला लागून त्यांचंच शेत. विहिरीवरच्या मोटारीचं वीज मीटर मयत वडिलांच्या नावावर, आणि ते बदलायचं तर सगळ्या वारसांची संमती हवी. म्हणजे बहिणीची, आक्कांची सही.

एके वर्षी विहिरीला पाणी कमी पडलं. आबांनी बापूंची पाळी कमी केली. बापूंनी वाटेवर काट्या टाकल्या. आबांची ट्रॅक्टर अडली म्हणून ते तहसीलदारांकडे गेले, मामलतदार न्यायालय अधिनियम, कलम 5. इकडे पाइप फुटला. दुरुस्तीसाठी केळीत चर खोदायचा म्हटल्यावर नानांनी दिवाणी कोर्टातून मनाई मागितली. वारस नोंद करून मीटर तरी बदलून घेऊ असं ठरलं, तेव्हा आक्का म्हणाल्या, आधी माझं नाव सातबाऱ्यावर लागू द्या, मग सही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात मुलगी मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्माने हिस्सेदार, आहे, आणि त्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र कधी दिलेलंच नव्हतं. आबांचं म्हणणं, लग्नाच्या वेळीच तिने हिस्सा सोडला, चार माणसांसमोर सोडला. त्यांनी नोंदीला हरकत घेतली, नोंद विवादग्रस्त नोंदवहीत गेली आणि प्रकरण मंडळ अधिकाऱ्यांपुढे आलं. शेवटी आक्कांनी वाटपाचा दावा लावला.

चार घरं, चार प्रकरणं. तहसीलदार म्हणतात, वाटणीचा निकाल लागू द्या मग वाटेचं बघू. मंडळ अधिकारी म्हणतात, दिवाणी दावा चालू आहे. दिवाणीत नानांचा वकील म्हणतो, विहिरीचा हक्क आधी ठरवा. विहिरीचा हक्क वाटपावर, वाटप वारस नोंदीवर, वारस नोंद आबांच्या हरकतीवर, आणि आबा म्हणतात, माझी वाट मोकळी करा मग मी हरकत मागे घेतो. वाट बापूंच्या हातात. बापूंना पाणी पाहिजे. पाणी मीटरवर, मीटर आक्कांच्या सहीवर.

मनाईच्या हुकमाविरुद्ध खंडपीठात जायचं ठरलं, तेव्हा कागद माझ्याकडे आले. सही-शिक्क्यासाठी चौघं वेगवेगळी येऊन गेली. शेवटी आक्का आल्या. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायल्या आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “भाऊ, हाई भांडन नही शे. समदा गुती गयात.” हे भांडण नाही, सगळेच गुंतून गेले.

ताई, या वाक्यातलं क्रियापद बघा. ‘गुती गयात’. कोणी गुंतवलं ते त्यात येतच नाही. त्रांगडं या शब्दाचं व्याकरणही असंच चालतं. त्रांगडं ‘होतं’, ‘होऊन बसतं’. कोणावर बोट दाखवायचंच असेल तर ‘करून ठेवलं’ म्हणतो, म्हणजे करणारा निघून गेला आणि त्याची करणी मागे राहिली. तंट्यासारखं ते कोणी उकरून काढत नाही, भानगडीसारखं लावून देत नाही. आणि ‘बसतं’ हा शब्द फार मोलाचा आहे. वाद चालतो, भांडण पेटतं, त्रांगडं बसतं. हलत नाही.

माझ्या कानाला या शब्दात ‘तीन’ ऐकू येतात, आणि कामात ते खरंही ठरतं. दोघांचं असतं ते भांडण. त्यात तिसरा आला, आणि पहिल्या दोघांचं मिटणं त्याच्या हातात गेलं, की त्रांगडं. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. एकाने माघार घेतली तर प्रकरण मिटतं का? मिटत असेल तर तो तंटा किंवा वाद. एकाने माघार घेतली आणि दुसऱ्याचंच घट्ट झालं, तर त्रांगडं. वरच्या प्रकरणात बापूंनी काट्या काढल्या असत्या तर आबांचा अर्ज निकाली निघाला असता, पण बापूंच्या हातात उरलेली एकच गोष्ट गेली असती आणि पाणी तरीही आलं नसतं.

आता इतर शब्द. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण धोका सगळ्यांत सारखा नाही.

सगळ्यात जपायचा तो ‘भानगड’. बोलताना आपण सहज म्हणतो, काय भानगड आहे? त्यात फक्त ‘काय प्रकार आहे’ एवढंच असतं. कागदावर उतरला की मात्र त्याला वास येतो. काहीतरी लपवलेलं, काहीतरी वाकडं, आणि बाई-पुरुषाचा उल्लेख जवळपास असेल तर सरळ चारित्र्यावर जातो. मी नवीन असताना एका शपथपत्रात ‘द होल अफेअर’ असं होतं, संदर्भ घराच्या विक्रीचा. मी लिहिलं ‘ही सगळी भानगड’. त्याच वाक्यात पुढे एका विधवा वहिनीचं नाव होतं. पान वाचलं गेलं तेव्हा त्या बाई तिथेच बसलेल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली ती उठेपर्यंत वर केली नाही. वकिलांनी तो शब्द लगेच दुरुस्त करून घेतला, पण ऐकायचं ते लोकांनी ऐकलं होतं. मी नंतर त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून कोर्टाच्या कागदात भानगड हा शब्द मी फक्त एकाच ठिकाणी ठेवतो, साक्षीदाराच्या तोंडचा असेल तिथे, अवतरणचिन्हात. सरांनी तुमची भानगड खोडली ते योग्यच केलं.

‘तंटा’ आणि ‘वाद’ यांत मला फार फरक वाटत नाही. दोघांनाही दोन बाजू लागतात, दोन्ही मिटतात. तंट्याला गावचा बांध आहे, वादाला कचेरीचं टेबल. म्हणून वादी, प्रतिवादी, वादपत्र, वादग्रस्त हे शब्द वादावरून झाले, आणि 2007 साली सरकारने गावासाठी मोहीम काढली तेव्हा नाव दिलं तंटामुक्त गाव. ती निवड अचूक होती. गाव ज्यातून मोकळं होऊ शकतं असा शब्द तंटाच. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठच्या फड पद्धतीतही हेच दिसतं. बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली फड म्हणजे शेतांचे गट, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी पाळीने, आणि ते सोडायला पाटकरी. पाणी कमी आलं तर कोणता फड कोरडा ठेवायचा तेही आपसात ठरवायचे. तिथेही भांडणं व्हायची, पण ती पाण्याचे तंटेच राहायची. नियम एकच आणि तो सगळ्यांना तोंडपाठ, मग एकाचं दुसऱ्यात अडकणार कुठे? आक्कांच्या माहेरी पाणी, वाट, वीज आणि वारसा या चार गोष्टी चार वेगवेगळ्या नियमांनी चालत होत्या.

‘कज्जा’ अरबीतून आला. आता तो जुन्या कागदांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात उरलाय. त्याला कोर्टाची पायरी चढल्याचा अर्थ आहे. कज्जेदलाल म्हटलं की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. नव्या अनुवादात कज्जा वापरू नका, जुनाट वाटतो.

‘खटला’ फौजदारीकडे झुकतो. पण आपल्याकडे मोठ्या कुटुंबालाही खटलं म्हणतात, हे ध्यानात ठेवा. ‘आमचं वीस माणसांचं खटलं’ असं साक्षीदार म्हणाला तर त्याच्यावर वीस जणांनी केस केलेली नसते. बाहेरून आलेल्या अनुवादकांची इथे चूक झालेली मी पाहिली आहे.

‘घोळ’ हा निष्काळजीपणाचा. नावात घोळ, गट नंबरात घोळ, फेरफार लिहिताना घोळ. तो कोणीतरी घातलेला असतो आणि दुरुस्तीने निघतो. अहिराणीत ळ चा य होतो, त्यामुळे साक्षीदार ‘नावांमा घोय व्हयना’ म्हणेल. ते ‘घोय’ समजलं नाही म्हणून टंकलेखकाने जागा मोकळी सोडलेला जबाब माझ्याकडे आला होता. सगळं प्रकरणच त्या एका शब्दावर होतं, कारण वडिलांचं आणि आजोबांचं नाव उलटसुलट लागलेलं. यावल-रावेरकडची लेवा बोली पुन्हा वेगळी, तिथे जाल तेव्हा तिथल्याच माणसाला विचारा.

‘गुंता’ त्रांगड्याचा सख्खा भाऊ, आणि गल्लत होते ती इथेच. गुंत्याला टोक असतं. ते सापडलं की एकाच माणसाने बसून सोडवता येतो, वेळ लागेल एवढंच. हिशेबाचा गुंता, वंशावळीचा गुंता. त्रांगड्याची टोकं चौघांच्या मुठीत असतात, आणि प्रत्येकाला वाटत असतं, आपण सोडलं तर आपल्याकडे काय राहिलं? म्हणून गुंता ‘सोडवतात’ आणि त्रांगडं ‘निस्तरतात’.

‘पेच’ एका माणसाचा असतो. इकडे आड तिकडे विहीर म्हणतो ते पेचाला. वर्तमानपत्रं ‘राजकीय पेच’ लिहितात तिथे पुष्कळदा त्रांगडं म्हणायचं असतं. तीन पक्ष, तिघांच्या अटी एकमेकांवर टांगलेल्या, कोणीच पहिलं पाऊल टाकत नाही. अशा बातमीला त्रांगडं हाच शब्द द्यावा, वाचकाला एका शब्दात चित्र कळतं. ‘लचांड’ही असंच एकट्याचं, गळ्यात पडलेलं. आणि ‘भिजत घोंगडं’ फक्त वेळेबद्दल बोलतं. साधं प्रकरणसुद्धा भिजत पडू शकतं, आणि त्रांगडं एका दुपारीही होऊन बसू शकतं. बारभाईची खेती म्हणतात ती मात्र त्रांगड्याच्या जवळ जाते. पण तिथे सगळे मिळून एकच काम बिघडवत असतात, इथे प्रत्येक जण आपलं काम नीट करत असतो.

आता तुमचे सर ‘बसत नाही’ का म्हणाले ते सांगतो. त्रांगडं हा बोलीचा शब्द आहे. त्यात थोडा वैताग आहे, बोलणाऱ्याचा सुस्कारा आहे. वकील युक्तिवादात म्हणेल, बातमीत येईल, साक्षीदार म्हणेल, अर्जदारही तोंडी म्हणेल. निकालपत्र लिहिणारा वैतागत नाही, निदान कागदावर नाही. इंग्रजी शब्द पुस्तकी आहे, आपला घरचा आहे. अर्थ जुळतो, पोशाख जुळत नाही. मग अशा वेळी नाम सोडून द्यायचं आणि अर्थ क्रियापदात घ्यायचा. तुमचं वाक्य होतं, ‘चार दाव्यांच्या या त्रांगड्यातून मार्ग काढणे आवश्यक आहे.’ त्याऐवजी लिहा, ‘हे चार दावे एकमेकांत असे अडकले आहेत की, एकाचा निर्णय दुसऱ्याशिवाय करता येत नाही.’ शब्द वाढले, पण मूळ इंग्रजीत न्यायाधीशांना म्हणायचं होतं ते सगळं आलं, आणि पक्षकाराला शब्दकोश उघडावा लागत नाही. ‘गुंतागुंतीचा वाद’ हा सगळीकडे चालणारा पर्याय आहे. मला तो मिळमिळीत वाटतो. गुंतागुंत कसली, हे तो सांगत नाही.

लिहिण्याबद्दल थोडं. बोलीच्या लेखनात त्रांगडं, प्रमाण लेखनात त्रांगडे. विभक्ती लागली की त्रांगड्यात, त्रांगड्याचे, अनेकवचन त्रांगडी. अनेकवचन मात्र क्वचितच लागतं, कारण चार प्रकरणं मिळूनच एक त्रांगडं होतं. ‘छोटंसं त्रांगडं’ म्हणत नाहीत. विशेषण लावायचंच तर ‘भलतंच’, ‘विचित्र’, किंवा नुसतं ‘असं काही त्रांगडं झालंय की…’ म्हणून पुढे सांगायला सुरुवात करायची. ‘त्रांगडं केलं’ असं पहिल्या पुरुषात कोणी बोलत नाही. तुमच्या अनुवादात एखादं पात्र किंवा साक्षीदार ‘मी त्रांगडं केलं’ म्हणत असेल, तर थांबा आणि मूळ वाक्य पुन्हा वाचा. तिथे ‘घोळ’ असायला हवा.

आक्कांच्या प्रकरणाचं पुढे काय झालं हे तुम्ही विचारालच. खंडपीठाने मध्यस्थीकडे पाठवलं आणि चौघांची तडजोड झाली. तिची पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, मीच इंग्रजीत नेली. ती वाचताना मला पहिल्यांदा कळलं की त्रांगडं निस्तरतं कसं. कोणीच आधी सोडायला तयार नव्हतं, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर सह्या केल्या. वारस नोंदीची हरकत मागे, आक्कांचं नाव सातबाऱ्यावर, आक्कांची मीटरला संमती, बापूंच्या वाटेवरच्या काट्या काढल्या, विहिरीच्या पाळ्या दिवसांप्रमाणे लिहून दिल्या. प्रत्येकाचं वेगळं कलम. त्या पाच पानांत त्रांगडं, भानगड, कज्जा यांतला एकही शब्द नव्हता, एवढंच काय, ‘वाद’सुद्धा फक्त शीर्षकात होता.

पाइपलाइनचं कलम सगळ्यात शेवटी टाकलं होतं. नानांची केळी नुकतीच निसवायला, म्हणजे घड टाकायला, लागली होती, म्हणून घड कापून होईपर्यंत चर खोदायचा नाही आणि तोवर बापूंना पाणी वरून नळी टाकून द्यायचं, असं आक्कांनी सांगितलं आणि तिन्ही भावांनी मान्य केलं.